खडकाळ डोंगरातला ६० किमीचा ट्रेल: शेवटच्या १५ किमीला हात शिल्लक राहिले पाहिजेत

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षं मातीच्या आणि झाडीतल्या ट्रेलवर सायकल चालवतोयस, हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) विकून फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे, १४० मिमी दबणारं) घेतलीस, आता दीड महिन्याने कोरड्या खडकाळ डोंगरातला ६० किमीचा ट्रेल एका दिवसात करायचाय, चढ एकूण १५०० मीटर, वाटेत भरवशाचं पाणी फक्त एका ठिकाणी. मागच्या महिन्यात तसल्याच जमिनीवर २५ किमी केलेस, त्यात दोनदा मागचा टायर गेला आणि शेवटी बोटं इतकी आखडली की ब्रेक दाबवेना. आणि विचारतोयस की दादा, आता फिटनेसवर भर देऊ की सायकलमध्ये काही बदलू.

फिटनेसचं टेन्शन नको घेऊ. दोन वर्षं नियमित चालवणाऱ्याचे पाय ६० किमी काढतात, कुरकुरत का होईना. तुझ्या प्रश्नातलं महत्त्वाचं वाक्य बोटांचं आहे, आणि तेच तू सगळ्यात शेवटी जाता जाता लिहिलंयस. मी सोळा-सतरा वर्षं दगडात सायकल घालतोय, या काळात माझं आणि बरोबरच्यांचं जे काही मोठं पडणं-झडणं झालं त्यातलं बहुतेक कठीण जागी झालेलंच नाही. कठीण जागी माणूस जागा असतो, नाहीतर सरळ उतरून चालतो. पडतो तो शेवटच्या टप्प्यात, सोप्या जागी, हात गेलेले असताना.

माझंच सांगतो. ५२ वा किलोमीटर, अवघड उतार सगळे मागे पडलेले, समोर चांगला जीप जाईल एवढा रुंद पट्टा आणि त्यावर मुठीएवढे दगड इकडेतिकडे सांडलेले. उजव्या हाताची बोटं अशी झाली होती की जेलचं पाकीट दातानं फाडावं लागत होतं, पण मनात म्हणतोय की आता काय, संपलंच. एक दगड चुकवायला पुढचा ब्रेक जरासा धरायचा होता, आणि बोटाला 'जरासा' आणि 'पूर्ण' यातला फरकच कळेना. पुढचं चाक जाम, मी हँडलवरून पुढे, डाव्या तळव्यावर. अंगठा ताणला की मनगटापाशी जो खळगा पडतो ना, तिथे दाबलं की डोक्यात कळ जायची. पहिल्या एक्सरेत काही दिसलं नाही, मी खूश, बारा दिवसांनी परत काढला तर स्कॅफॉइडला चीर. हे हाड छोटं असतं, रक्तपुरवठा कमी, भरायला वेळ घेतं, सुरुवातीच्या एक्सरेत बरेचदा लपतं, म्हणून हातावर पडलास आणि त्या खळग्यात दुखत असेल तर पहिल्या एक्सरेवर अजिबात समाधान मानू नकोस. माझे तीन महिने गेले. तेव्हापासून मी लांब राइडचा सगळा विचार उलट्या बाजूने करतो, म्हणजे शेवटच्या १५ किमीला हात आणि डोकं शाबूत हवंय, तर सकाळपासून काय काय करायला लागेल.

तर आधी ब्रेक. बोटं दुखतात कारण तू उतारभर लिव्हर अर्धवट धरून ठेवतोस, तू लिहिलं नाहीस तरी मला माहितीये, मातीवरून दगडात आलेला प्रत्येक जण हेच करतो. भीती वाटते म्हणून सतत थोडा थोडा ब्रेक. त्याने तीन गोष्टी होतात: स्नायू सुटतच नाही म्हणून हात दगडासारखा होतो, पॅड आणि रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) तापून ब्रेकची धार जाते मग आणखी जोरात दाबायला लागतं, आणि चाक जेव्हा दगडावरून चढून जायला हवं तेव्हा ब्रेकने धरलेलं असल्यामुळे तिथेच अडतं. ब्रेक तुकड्यात मारायचा. उतारात थोडी सपाट, थोडी स्वच्छ जागा दिसली की तिथे दोन्ही ब्रेक घट्ट मार, स्पीड हवा त्याच्याही खाली आण, आणि दगडांचा पट्टा सुरू व्हायच्या आत सोडून दे. सोडून दे म्हणजे खरंच सोड, बोट लिव्हरवर नुसतं टेकलेलं. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, मग कळतं की सायकल सुटी सोडली की जास्त सरळ चालते.

लिव्हरची सेटिंग घरी स्टँडवर करू नकोस. सायकलवर उभा राहा, उताराला उभा राहतोस तसा, कोपरं बाहेर, आणि बघ की मनगट न वाकवता एक बोट लिव्हरच्या टोकाच्या वळणात बसतंय का. फक्त एकच बोट, तर्जनी. बाकीची तीन आणि अंगठा हँडल धरायला. बहुतेक दुकानातून येणाऱ्या सायकलींचे लिव्हर ग्रिपला फार चिकटून आणि फार खाली झुकलेले असतात, त्यामुळे बोट लिव्हरच्या मध्यावर पडतं आणि दुप्पट जोर लागतो. क्लॅम्प सैल करून आत सरकव, झुकाव थोडा कमी कर, रीच, म्हणजे हँडलपासून लिव्हरचं अंतर, तुझ्या बोटाच्या मापाने. पाच मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते या सगळ्या उत्तरात सगळ्यात जास्त फरक यानेच पडेल. पॅड ऑरगॅनिक, म्हणजे रेझिनचे, असतील तर मेटॅलिक टाक, गरम झाल्यावर ते टिकतात, आवाज करतात थोडा, करू देत. मात्र आधी रोटरवर बघ, स्वस्त रोटरवर कधीकधी 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं, त्यावर मेटॅलिक घातलेस तर रोटर खाऊन टाकतील. नवीन पॅड राइडच्या आदल्या दिवशी घालायचे नाहीत, वीसेक वेळा वेगातून हळू करत करत बसवून घ्यायचे.

दुसरं म्हणजे वजन पायावर. ऐकून ऐकून कंटाळला असशील, पण दगडात याचा अर्थ वेगळा लागतो. मातीत हँडल दाबून धरलं तरी चालतं, दगडात पुढचं चाक दर सेकंदाला चार वेळा कुठेतरी धडकत असतं आणि तू हँडल आवळलंस की ते सगळे धक्के खांद्यापर्यंत येतात. पेडल आडवी, टाचा थोड्या खाली, गुडघे सैल, कंबर मागे मोडलेली, हनुवटी साधारण स्टेमच्या वर, आणि हात इतके हलके की कुणी हँडलवरची बोटं एकेक करून उचलली तरी तू पडायचा नाहीस. सीट खाली, ड्रॉपर (बटण दाबून सीट खाली-वर करणारा दांडा) त्यासाठीच आहे, लोक कंटाळा करतात आणि दर छोट्या उताराला अर्ध्यावर ठेवून जातात. एक मात्र, मागे जा मागे जा म्हणून मागच्या चाकावर जाऊन बसू नकोस, पुढच्या चाकावर वजनच नसलं तर ते वळणात घसरतं.

नजर. पुढच्या चाकासमोरचा दगड बघून काही उपयोग नाही, तो दगड आता तुझ्या हातात राहिलेला नाही. तीन-चार सेकंद पुढे बघायचं, वाट कुठून निघते ते, आणि जवळचं सगळं कडेच्या नजरेला सोडून द्यायचं. ज्या दगडाला घाबरून टक लावून बघशील त्यावरच जाशील, हे गमतीचं नाही, खरंच होतं. दमल्यावर नजर आपोआप जवळ येते. माझी स्वतःची खूण हीच आहे, मी पुढच्या टायरकडे बघायला लागलो की समजतो, आता थांबून दहा मिनिटं सावलीत बसायची वेळ झाली.

दगड दगड म्हणून सगळे एक नसतात, याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. वालुकाश्म म्हणजे सँडपेपर, टायर चिकटून बसतो, अमेरिकेत यूटा राज्यात मोआबला जो प्रसिद्ध स्लिकरॉक ट्रेल आहे तो असाच, नावात 'निसरडा' आहे ते घोड्यांच्या नालांच्या हिशोबाने म्हणतात, रबराला तो कातळ चांगला धरतो. चुनखडक वापरून वापरून गुळगुळीत होतो आणि ओला झाला तर साबण. ग्रॅनाइट झिजून त्याची जी जाडी भरड वाळू होते ती कातळावर पसरली की पायाखाली छर्रे टाकल्यासारखं. ज्वालामुखीचा दगड फुटतो तो धारदार कडांनी फुटतो आणि टायरच्या बाजू कापतो. जायच्या आधी कुणाकडून तरी विचारून घे की तिथला दगड कसला आहे, टायरचा निर्णय त्यावर.

आणि सगळ्यात फसवी जागा कातळ नाहीच, ती म्हणजे टणक जमिनीवर पसरलेले बारीक खडे. घसाऱ्यात निदान दिसतं तरी की घसारा आहे. हे खडे लांबून छान रस्त्यासारखे दिसतात. इथे वळणाच्या आधीच ब्रेक उरकायचा, सायकल उभी असताना, आणि वळणात शिरल्यावर सायकल झुकवायची, स्वतः वरच राहायचं, बाहेरच्या पेडलवर जोर. पुढचं चाक थोडंसं सरकणारच, घाबरून ब्रेक लावलास तर गेलास. वाळूचा पट्टा आला तर हँडल वळवू नकोस, वजन जरासं मागे, एक गियर हलका आणि पाय फिरवत राहायचं, बस.

चढावर १५०० मीटर आहेत, तेव्हा तिथे हात वाचवायचे म्हणजे हँडल ओढत बसायचं नाही. सीटच्या टोकावर सरक, छाती खाली, कोपरं खाली, सगळ्यात हलका गियर. सस्पेन्शन लॉक करू नकोस, गुळगुळीत रस्त्याला ठीक आहे, दगडी चढाला मागचा शॉक उघडा असला की चाक जमिनीला धरून राहतं. पायरी आली की तिच्या आधी दोन पेडल जोरात, पुढचं चाक नुसतं हलकं कर, वर गेलं की लगेच अंग पुढे टाक म्हणजे मागचं चाक चढेल. पेडल आपटण्याचा त्रास होईल, नवीन सायकलींचा बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे जिथे फिरतात तो भाग) खाली असतो. दगडांमध्ये पूर्ण फेरी मारायची नाही, अर्धी फेरी पुढे, मागे आण, परत अर्धी, असं टकटक करत जायचं. आणि चालायची लाज बाळगू नकोस. पन्नास मीटरचा खडा चढ सायकलवर चढून नाडी १८० ला नेण्यापेक्षा चालत गेलास तर दीड मिनिट जास्त लागतं, आणि वर पोचल्यावर उताराला हात स्थिर असतात. मी रोज चालतो, कुणी हसलं तर हसू दे.

आता तुझे दोन पंक्चर. दोन्ही मागच्याच टायरचे, म्हणजे काटा नाही, बहुतेक दगडाच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबला किंवा बाजू कापली. तू प्रेशर लिहिलं नाहीस. ट्यूबलेस (ट्यूब नाही, आत भोकं बुजवणारा सीलंटचा द्रव) असशील असं धरतो, नसशील तर आधी ते कर, या जमिनीवर ट्यूब म्हणजे दिवसाला दोन पंक्चर ठरलेलेच. साधारण ७५ किलोचा माणूस, २९ इंची २.४ चा टायर, तर मी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून सुरू करेन. मग ओळखीच्या दगडी पट्ट्यावर एकच फेरी परत परत मारायची, दर वेळी एक पीएसआयने बदलत. रिमला 'टंग' असा आवाज येतोय तर कमी आहे, सायकल प्रत्येक दगडावरून चेंडूसारखी उडतेय आणि हातांना बुक्के बसताहेत तर जास्त आहे. गेज मात्र नेहमी एकच वापर, दोन गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो. पंक्चरच्या भीतीने ३५ भरणारे खूप बघितलेत, पंक्चर वाचतात आणि हातांची वाट लागते, शिवाय ग्रिप जाते ती वेगळीच.

खरा उपाय जाड केसिंगचा (टायरच्या आतल्या कापडी थराचा) टायर, निदान मागे. हलका ट्रेल टायर आणि मजबूत केसिंगचा टायर यात दोन-तीनशे ग्रॅमचा फरक असतो, चढावर जाणवतो, मान्य, पण चिरलेली बाजू घेऊन २० किमी ढकलत आणण्यापेक्षा बरं. मॅक्सिस कंपनीचा असेल तर मागे निदान एक्सो प्लस केसिंग, दगड धारदार असेल तर त्याहून जाड डबलडाउन. टायर इन्सर्ट (टायरच्या आत बसवायची फोमची पट्टी) घालायचा का, हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी मागे घालतो, दोन-तीन पीएसआय कमी ठेवता येतं, पण रस्त्यात टायर काढायची वेळ आली तर तो चिकट सापासारखा लोंबता इन्सर्ट हातात घेऊन उभं राहण्यात काय मजा असते ते एकदा अनुभवायला हवं. सीलंट उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं, वाल्व्हची कोर काढून काडी घालून बघ, काडीला काही लागलं नाही तर १०० मिली ताजं टाक.

वाटेत टायर गेला तर क्रम असा. छोटं भोक दिसलं की चाक फिरवून भोक खाली आण, सीलंटला मिनिटभर दे. नाही थांबलं तर प्लग, चिकट दोरीचा तो तुकडा सुईत ओवून आत घाल, झटक्यात सुई बाहेर. हवा भरताना पंपच बरा, सीओटू काडतूस लवकर भरतं पण काही सीलंट त्या गॅसने गोळा होऊन बसतं. चीर मोठी असेल तर आतून बूट लावायला लागतो, जुन्या टायरचा बोटभर लांबीचा तुकडा मी कायम टूलच्या पिशवीत ठेवतो, नसेल तर जेलचं रिकामं पाकीट घडी करून. मग ट्यूब. आणि ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरव, हळू, कारण ट्यूबलेसमध्ये महिनोन् महिने काटे रुतून बसलेले असतात, सीलंटमुळे तुला कळलेलंही नसतं. मी एकदा घाईत हे केलं नाही, सांधून निघालो, तीनशे मीटरवर परत खाली बसलो. त्या टायरमधून नंतर सात काटे निघाले.

सस्पेन्शनबद्दल दोनच वाक्यं. सॅग (तू नुसता बसल्यावर सस्पेन्शन दबतं तेवढं) मागे २८-३० टक्के, पुढे २० च्या आसपास, पाण्याची बॅग पाठीवर घेऊन मोज, रिकाम्या पाठीने मोजलेला सॅग त्या दिवशी खोटा ठरतो. आणि रिबाउंड (दबल्यावर परत वर यायचा वेग) फार हळू ठेवू नकोस, एकामागोमाग दगड आले की शॉक परत वर यायला वेळच मिळत नाही, दबत दबत खाली जातो आणि शेवटी १४० ची सायकल ७० ची होते, मग परत हातांनाच मार.

पाणी. इथे मात्र नीट बसून हिशोब कर. पुढच्या रविवारी साधारण तशाच उन्हात एक तास चालव, आधी आणि नंतर अंग पुसून वजन कर. जेवढे किलो कमी झाले तेवढे लिटर घाम, त्यात मध्ये प्यायलेलं मिळव. कुणाचा तासाला अर्धा लिटर जातो, कुणाचा सव्वा. त्याच्या निम्मं ते पाऊण भरून काढलंस तरी दिवस निघतो. समज तुला तासाला ७०० मिली लागतंय आणि पाण्याची जागा पाच तासांवर आहे, तर साडेतीन लिटर घेऊन निघायचं, दोन बाटल्यांवर काम भागणार नाही. तीन लिटरची बॅग पाठीवर, उरलेलं फ्रेमवर बाटलीत, बाटलीला झाकण असलेलं तोंड, नाहीतर धूळ पितोस. आदल्या रात्री बॅग एक तृतीयांश भरून आडवी फ्रीजरमध्ये ठेव, सकाळी वरून भर, दुपारपर्यंत पाठ थंड राहते.

नुसतं पाणी पीत राहू नकोस. घामाबरोबर मीठ जातं, आणि भीतीपोटी लिटरवर लिटर साधं पाणी पिणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम पातळ होऊन खाली येतं, त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. गंमत बघ, त्याचीही लक्षणं मळमळ आणि डोकेदुखीच, म्हणजे माणसाला वाटतं पाणी कमी पडलं आणि तो आणखी पितो. पोटात पाणी डचमळतंय, अंगठी बोटात घट्ट झालीये, तर पाणी थांबव. मी लिटरला चहाचा पाव चमचा मीठ टाकतो, त्यात साधारण ६०० मिग्रॅ सोडियम येतं, किंवा तेवढं देणारी गोळी. खाण्यात तासाला ५०-६० ग्रॅम कार्ब, पहिल्या तासापासून, भूक लागायची वाट न बघता. चार तासांनंतर गोड नकोसं होतं म्हणून काहीतरी खारट ठेव, मी मीठ लावलेले उकडलेले बटाटे नेतो.

बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या देतोय, तर तो दमला नाहीये, तो उष्माघात आहे, अंगाला घाम असला तरीही. राइड तिथे संपली. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा घाल, आणि मदत बोलाव. प्यायचं पाणी ओतायला मागेपुढे बघू नकोस.

वेळेचं गणित नव्वद टक्के लोक चुकवतात. मातीवर तुझा ताशी १५ येत असेल, खडकात ८ धर, फार तर ९. म्हणजे ६० किमीला सात-साडेसात तास सायकलवर आणि दीड तास थांबण्यात. उजाडायच्या आधी अर्धा तास दिवा लावून निघ. सकाळी थंडीत पहिले १५ किमी इतके छान वाटतात की सगळे जण तिथेच मॅच जिंकायला बघतात, तेव्हा पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच जोर. दुपारी कातळ तापतो तो संध्याकाळपर्यंत तव्यासारखा उष्णता फेकत राहतो, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दगडांच्या सावल्या लांब होतात, खड्डा कुठला आणि सावली कुठली कळत नाही. म्हणून शेवटचे १५ किमी त्या वेळात येता कामा नयेत. स्वतःला एक वेळ घालून दे, मी पाण्याच्या जागेवर ११ ही वेळ ठेवेन, ११ ला तिथे नसलास किंवा निम्म्याहून जास्त पाणी आधीच संपलं तर मागे फिरायचं, आणि हे घरी बसून ठरवायचं, तिथे नाही.

सामानात बाकी सगळं तू घेशीलच, तुझ्या गियरला जुळणारी क्विक लिंक (चेन जोडायची कडी) विसरू नकोस, १२ स्पीडला ११ ची बसत नाही. आणि तुझ्या फ्रेमचा डिरेलर हँगर, गियर बदलणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा. स्रॅम कंपनीचं २०१९ मध्ये आलेलं यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) आता बऱ्याच फ्रेमला चालतं, तुझ्या फ्रेमला चालतंय का बघून एक जादा घे. उजव्या बाजूवर पडलास की उठल्यावर पहिलं काम, सायकलच्या मागे उभं राहून बघ डिरेलर सरळ लोंबतोय का. वाकलेला असताना सगळ्यात मोठ्या चक्रीवर टाकलंस तर तो स्पोकमध्ये जातो आणि मग हँगर, डिरेलर, स्पोक सगळंच. डिरेलर तुटलाच तर लोक सांगतात चेन तोडून सिंगल स्पीड कर. हार्डटेलवर ठीक. फुल सस्पेन्शनवर शॉक दबला की मागचं चाक क्रँकपासून लांब जातं, उभ्यानं घट्ट बसवलेली चेन पहिल्याच धक्क्याला तुटते, आणि सैल ठेवली तर पडत राहते. मी त्यापेक्षा चेन काढून खिशात टाकतो, उतार गडगडत आणि चढ ढकलत.

एक शेवटचं, कंटाळवाणं पण लिहितोच. २००३ साली एप्रिलमध्ये आरॉन राल्स्टन यूटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये गेला होता, तिथपर्यंत बराचसा भाग सायकलवरच, एकटा, कुठे जातोय ते कुणालाही न सांगता. धोंड्याखाली उजवा हात अडकला, पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून बाहेर आला. तू कुणाला तरी ट्रॅकची फाइल पाठव आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला यायचं ते लिहून दे. फोन एअरप्लेन मोडवर, मॅप आधीच उतरवलेला, नाहीतर रेंज शोधण्यात दुपारपर्यंत बॅटरी जाते.

दीड महिन्यात काय करायचं: आठवड्याला एक लांब राइड, ३ तासांवरून वाढवत ६ वर, शक्य तेवढी दगडातच. मधल्या दोन दिवशी बारला लटकणं, ३० सेकंद ते मिनिट, चार-पाच वेळा, पकड त्याने वाढते. आणि लांब राइडच्या शेवटी, दमलेला असताना, एकाच छोट्या दगडी उतारावरून पाच वेळा उतर, फक्त तुकड्यात ब्रेक मारण्याचा सराव म्हणून. बोटं कुठल्या फेरीला आखडतात ते बघ. शेवटचा आठवडा आराम, नवीन काहीही बसवायचं नाही, ग्रिपसुद्धा नाही.

मागच्या टायरचं मॉडेल, केसिंग आणि तुझं वजन तू लिहिलेलं नाहीस. साइडवॉलवर काय छापलंय ते वाचून सांग, दोन्ही पंक्चरला भोक कुठे होतं तेही, मध्यावर की कडेला रिमजवळ, आणि एकच भोक होतं की समोरासमोर दोन. मग इन्सर्ट घालायचा की टायरच बदलायचा ते सांगतो.